एअर पिस्तूल 540 वर अडकलंय, सरावाचं टार्गेट नेमकं कसं ठरवायचं?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळं लिहितोय. वय 41, सांगलीत नोकरी, 10 मीटर एअर पिस्तूल करतो. पिस्तूल स्टायर एलपी 10, ग्रिप (मूठ) माझ्या हाताला बसेल अशी पुट्टी लावून घासून घेतलीय. रेंज साधी आहे, पुलीवर कार्ड लावायचं, पुढं पाठवायचं, मारायचं, ओढून आणायचं, इलेक्ट्रॉनिक टार्गेट वगैरे काही नाही. ऑफिस सुटल्यावर आठवड्यातनं चार दिवस तास-सव्वा तास मिळतो, रविवारी जरा जास्त. कोच फक्त रविवारी असतात आणि तेव्हा लहान मुलंमुली इतकी असतात की माझ्या वाट्याला पाच मिनिटं आली तरी पुष्कळ.

60 शॉटची पूर्ण मॅच मारली की स्कोअर 600 पैकी 535 ते 545 च्या मध्ये कुठंतरी येतो. एखादी सिरीज (दहा शॉटची) 94 जाते, वाटतं आता जमलं, आणि लगेच पुढची 86. पुढच्या स्टेटला, म्हणजे राज्य स्पर्धेला, 560 मारायचेत असं ठरवलंय, कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहूनसुद्धा ठेवलंय. पण रोज रेंजवर जाऊन उभं राहिल्यावर त्या तासाभरात काय करायचं हे त्या आकड्यातनं काही कळत नाही. मग होतं काय, की डबीतले छर्रे संपेपर्यंत मारत बसतो आणि घरी येतो. तुम्ही लोक आठवड्याचं, महिन्याचं टार्गेट कसं ठरवता? काय मोजता? घरी ड्रायला (छर्रा न घालता नुसता ट्रिगर ओढायचा सराव) किती वेळ द्यावा? आणि या वयात 560 ही अपेक्षा जास्त होतेय का तेही स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

पंचगंगा:
दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. 41 हे पिस्तुलाला अजिबात जास्त वय नाही. डोळे आणि खांदा सांभाळले तर या खेळात माणूस खूप वर्षं टिकतो. त्यामुळे 560 ठेवा, कपाटावरचं पुसू नका. पण तो आकडा मॅचचा आहे, सरावाला वेगळं काहीतरी धरायला लागतं.

आधी जरा हिशेब करू. 540 म्हणजे सिरीजला 90. 560 म्हणजे सिरीजला 93 च्या थोडं वर. आता तुमची 90 ची सिरीज साधारण अशी दिसत असणार बघा: 10, 9, 9, 10, 7, 9, 10, 9, 8, 9. बेरीज करून बघा, 90 च येते. यात दहा तीनच आहेत. सगळे जण काय करतात, तर दहा तीनाचे पाच कसे होतील त्याच्या मागे लागतात. ते सोडा. तो 7 आणि तो 8, एवढे दोनच शॉट 9 झाले तर सिरीज 93 होते, एकही नवीन दहा न मारता. सहा सिरीजचे 558. म्हणजे तुमचं पहिलं टार्गेट दहा वाढवायचं नसून सात-आठ बंद करायचं आहे, आणि हे टार्गेट फार बरं असतं कारण सात कुठनं येतो ते शोधता येतं, दहा का लागला ते बऱ्याचदा नुसतं नशीबही असतं.

सात कुठनं येतो ते आता सांगते कारण याच्यावरच सगळं उभं आहे. हात हलतो म्हणून सात येतो असं सगळ्यांना वाटतं. हात हलतोच, ऑलिंपिकवाल्यांचाही हलतो. पण समजा तुमची फ्रंट साइट (पुढची पट्टी) आणि रिअर साइट (मागची खाच) एकमेकांत अगदी बरोबर बसलेली आहे आणि अख्खं पिस्तूलच 1 सेंटिमीटर बाजूला गेलं, तर छर्रा टार्गेटवर 1 सेंटिमीटरच बाजूला लागणार. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं, नवाचं 27.5, छर्रा 4.5 चा आणि रेषेला शिवला तरी वरचा मार्क मिळतो, म्हणजे 1 सेंटिमीटर सरकूनही 9 मिळाला. आता उलटं बघा. हात एकदम स्थिर, पण ट्रिगर ओढताना मनगट एवढंसं वळलं आणि फ्रंट साइट खाचेत फक्त 1 मिलिमीटर सरकली. दोन साइटमधलं अंतर साधारण 33 सेंटिमीटर धरलं तर 10 मीटरवर त्या 1 मिलिमीटरचे 30 मिलिमीटर होतात. तिथं तुमचा सात. हातभर हलणाऱ्या पिस्तुलानं नऊ आणि केसभर हललेल्या मनगटानं सात, हे एकदा डोक्यात बसलं की सराव कशाचा करायचा ते आपोआप ठरतं.

म्हणून माझं म्हणणं, पहिला महिनाभर स्कोअर लिहूच नका. वहीत तीन गोष्टी लिहा. एक, शॉट सुटल्या सुटल्या, कार्ड ओढायच्या आधी, मनात कॉल द्यायचा, की हा दहा, हा डावीकडे नऊ, हा खाली आठ, आणि मग कार्ड बघायचं. दहातले किती कॉल बरोबर आले ते लिहायचं. कॉल चुकतोय म्हणजे शॉट सुटताना तुमची नजर फ्रंट साइटवर नव्हती, टार्गेटवर गेली होती. दुसरं, किती वेळा पिस्तूल उचलून शॉट न मारता खाली घेतलं. पाच ते आठ सेकंदांत शॉट गेला नाही तर खाली घ्यायचंच, ओढूनताणून मारायचं नाही. तिसरं म्हणजे ग्रुप, भोकं किती जवळजवळ पडतात ते. तुमच्याकडं कागदी कार्डं आहेत हे उलट चांगलंच आहे, एकाच कार्डावर दहा छर्रे मारा, सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर पट्टीनं मोजा, कार्डावर तारीख घालून फाइलला लावा. ग्रुप कुठंही पडू दे, वर, खाली, बाजूला, साइट नंतर क्लिक देऊन (तिचा स्क्रू टप्प्याटप्प्यानं फिरवून) आणता येते. ग्रुप लहान होत गेला की स्कोअर मागनं येतो.

आणि एका आठवड्यात एकच गोष्ट धरा. या आठवड्यात फक्त फॉलो थ्रू, म्हणजे छर्रा सुटल्यावरही दोन सेकंद साइट बघत राहायचं, बाकी कशाकडं लक्ष द्यायचं नाही. पुढच्या आठवड्यात मनगट. एकाच वेळी उभं राहणं, श्वास, ग्रिप, ट्रिगर सगळं दुरुस्त करायला गेलं की काहीच दुरुस्त होत नाही.

बालेवाडीकर:
ताईंनी लिहिलंय ते बरंचसं पटलं, विशेषतः सात-आठ काढायचं गणित. पण स्कोअर लिहूच नका याला माझा विरोध आहे. मी पुण्यात मुलांना शिकवतो, तिथला अनुभव सांगतो. स्कोअरपासून महिनाभर लांब ठेवलेला नेमबाज मॅचच्या दिवशी स्कोअर दिसला की हबकतो. सराव मस्त, ग्रुप मस्त, आणि लेनवर बेरीज सुरू झाली की हात लाकडासारखा. स्कोअरचं ओझं पेलायचा पण सराव करायला लागतो आणि तो सराव म्हणजे स्कोअर लावून मारणं. दर पंधरा दिवसांनी एक पूर्ण मॅच, खऱ्या मॅचसारखी: आधी 15 मिनिटं तयारी आणि साइटर (स्कोअरमध्ये न धरलेले चाचणीचे शॉट), मग 75 मिनिटांत 60 शॉट, मध्ये फोन नाही, गप्पा नाही, कुणी बोलवलं तरी जायचं नाही. तो स्कोअर लिहायचा. बाकीचे दिवस ताई म्हणतात तसं.

आणि लिहिताना सर्वांत चांगली मॅच लिहून खूश होऊ नका. शेवटच्या पाच मॅचमधली सर्वांत वाईट कुठली ते बघा. टार्गेट असं ठेवा की तो तळ वर सरकला पाहिजे. आज तळ 535 आहे ना, तर पहिलं टार्गेट 542 च्या खाली जायचं नाही. 560 एकदा लागणं आणि 560 चे नेमबाज होणं यात खूप अंतर आहे. मनू भाकरचंच बघा, टोकियोला पिस्तुलात बिघाड होऊन मॅचच्या मध्ये वेळ गेला तरी 575 मारले होते, पण नंबर आला बारावा आणि फायनल हुकली. पॅरिसला 2024 मध्ये 580, तिसरा नंबर, फायनलमध्ये 221.7 वर ब्राँझ, आणि सिल्व्हरच्या शर्यतीतनं बाहेर पडली ती फक्त 0.1 नं. साठ शॉटमध्ये पाच मार्कांचा फरक, आणि त्यात केवढं काय बदललं. एवढ्या वर गेल्यावर चांगला दिवस आला की मारू असं म्हणून चालत नाही, वाईट दिवशीचा स्कोअरच वर असावा लागतो.

अजून एक, वेळ. 75 मिनिटं भागिले 60, म्हणजे शॉटला सव्वा मिनिट. तुम्ही मॅच किती वेळात संपवता ते लिहिलं नाहीत. पुलीवर मारणारे बरेच जण 45 मिनिटांत उरकतात असं मी बघितलंय, आणि 94 नंतर 86 हा प्रकार तिथनंच येतो बहुतेक, चांगली सिरीज गेली की माणूस तंद्रीत पुढची भराभर मारतो. प्रत्येक सिरीजची सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहा म्हणजे आपसूक दिसेल.

स्पोर्ट_पिस्तूल_25:
मी 25 मीटर करते, .22 चं पिस्तूल, त्यामुळे थोडं बाजूनं बोलतेय पण उपयोग होईल. आमच्याकडं 30 शॉट प्रिसिजन आणि 30 रॅपिड. रॅपिडमध्ये सात सेकंद थांबायचं, हात 45 अंशांत खाली, मग टार्गेट तीन सेकंद समोर येतं आणि तेवढ्यात हात वर आणून एकच शॉट. तिथं विचार करायला वेळच नसतो, म्हणून टार्गेट ठरवताना आम्ही एका शॉटचे तुकडे पाडतो. आठवडाभर फक्त हात वर आणून योग्य जागी थांबवणं, ट्रिगर नाहीच. पुढच्या आठवड्यात हात वर येतानाच ट्रिगरचा पहिला भार घेणं. मग दोन्ही जोडून. वारणाकाठ दादा, तुमच्या इव्हेंटलाही हे चालेल, शॉटची सुरुवात म्हणजे ग्रिप घेण्यापासून ते पिस्तूल टेबलावर ठेवेपर्यंत काय काय करता ते एकदा ओळीनं कागदावर लिहून काढा. बऱ्याच जणांना पाचव्या ओळीपुढं लिहिताच येत नाही, म्हणजे तिथनं पुढं दर शॉटला वेगळंच काहीतरी होत असतं.

आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको, पण राहीताई सरनोबतांनी 2018 च्या एशियाडचं गोल्ड शूटऑफमध्ये (बरोबरी सुटण्यासाठीच्या जादा शॉटमध्ये) काढलं, भारताच्या महिला नेमबाजाचं एशियाडमधलं पहिलं गोल्ड. शूटऑफमध्ये तुम्ही ठरवलेला स्कोअर काही कामाचा नसतो, पुढचा शॉट नेहमीसारखा मारता येतो का एवढंच बघितलं जातं. तेवढ्यासाठी ते तुकडे पाडून घोटायचं.

घरच्या ड्रायचं विचारलंत त्याबद्दल. रोज 20 मिनिटं भरपूर झाली, पण रोज. एलपी 10 ला ड्रायची सोय आहेच. कोरी भिंत, टार्गेटचं चित्र लावू नका, तीन-चार हात अंतरावर उभं राहून फक्त साइट बघायची आणि ट्रिगर सरळ मागं घ्यायचा. भिंतीवर निशाण नसलं की नजर पळून जायला जागाच राहत नाही आणि ट्रिगर पडताना फ्रंट साइट कुठल्या बाजूला उडी मारते ते लख्ख दिसतं. दर वेळी एकाच बाजूला उडी असेल तर बोटाची जागा बदलून बघा, पेराच्या घडीवर ट्रिगर येत असेल तर थोडं टोकाकडं घ्या. हवेचा सिलेंडर काढून ठेवलेला बरा, छर्र्यांची डबी त्या खोलीत नको, आणि पिस्तूल रिकामं आहे हे उघडून डोळ्यांनी बघायचं, आपणच ठेवलंय म्हणून गृहीत धरायचं नाही. घरात पोरं असतील तर दार लावून घ्या. .22 वाल्यांनी मात्र नुसतं ड्राय करू नये, फायरिंग पिन खराब होते, डमी काडतूस घालूनच करावं.

नंबरचा_चष्मा:
सगळ्यांनी चांगलं लिहिलंय पण 41 वय वाचून एक गोष्ट राहिली असं वाटलं. चाळिशी लागली की जवळचं धूसर व्हायला लागतं, आणि फ्रंट साइट हाताच्या अंतरावर असते, ना जवळ ना लांब. वाचायच्या चष्म्यातनं टार्गेट पार विरघळून जातं आणि नुसत्या दूरच्या नंबरातनं साइटची कड नीट दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन नेमबाजीसाठी वेगळी काच करून घ्या, दूरच्या नंबरात साधारण अर्धा ते पाऊण प्लस मिळवतात, पण तुमचं तुमचं मोजूनच. जाताना हात लांब करून साइट किती अंतरावर येते ते टेपनं मोजून घेऊन जा, म्हणजे डॉक्टरांना सांगता येईल. साइट काळीकुळकुळीत आणि टार्गेट धुरकट, असं दिसलं पाहिजे. दुसरा डोळा मिटून मारत असाल तर बंद करा, चेहऱ्याचा स्नायू दमतो आणि उघड्या डोळ्यावरही ताण येतो. त्यापेक्षा दुसऱ्या डोळ्यापुढं छोटी पट्टी लावा, नियमानं 30 मिलिमीटर रुंदीपर्यंत चालते.

पंचगंगा ताईंचं कॉल देणं डोळा नीट असेल तरच खरं ठरेल, नाहीतर साइटच दिसत नसताना माणूस कॉल कशावरनं देणार. त्यामुळे माझ्या मते सरावाच्या टार्गेटच्या आधी हे उरका.

वारणाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री जुनी कार्डं काढून बसलो. पंचगंगा ताई, तुमचं गणित तंतोतंत निघालं. जवळपास प्रत्येक सिरीजमध्ये एक-दोन शॉट सात किंवा त्याच्या खाली आहेत, आणि त्यातले बहुतेक खाली डावीकडं. मी उजव्या हातानं मारतो. बालेवाडीकर सर, वेळेचंही बरोबर ओळखलंत, आज घड्याळ लावून मारलं तर 50 मिनिटांत मॅच संपली. चष्म्याचं शनिवारी डॉक्टरांकडं जातोय.

आता दोन प्रश्न उरलेत. खाली डावीकडं जातंय म्हणजे साइटला क्लिक देऊन वर उजवीकडं आणू का? आणि स्टेटला अजून तीन महिने आहेत असं धरलं तर हे सगळं त्यात कसं बसवायचं?

पंचगंगा:
क्लिक अजिबात देऊ नका! सगळा ग्रुप खाली डावीकडं असता तर दिले असते. तुमचे नऊ-दहा मध्यभागी आहेत आणि फक्त वाईट शॉट तिकडं जातायत. क्लिक दिले तर चांगले शॉट पण बिघडतील. उजव्या हातवाल्याचं खाली डावीकडं म्हणजे बहुतेक वेळा ट्रिगरबरोबर सगळा पंजा आवळला जातो, किंवा शेवटच्या क्षणी ट्रिगरला झटका बसतो. एलपी 10 चा ट्रिगर नियमाप्रमाणे कमीत कमी 500 ग्रॅमचा असणार, आधी वजन लावून तपासून घ्या, उगाच जास्त जड ठेवला गेला असेल तर तेही कारण असू शकतं. मग कोरी भिंत आणि पंजा. ग्रिप जेवढी आवळलीय तेवढीच शेवटपर्यंत राहिली पाहिजे, हलतं ते फक्त एक बोट.

तीन महिन्यांचं म्हणाल तर मी असं करेन. पहिले पाच-सहा आठवडे पंजा आणि ट्रिगर, दुसरं काही नाही. रेंजवर गेलं की पहिली 15 मिनिटं ड्राय, मग निम्मे छर्रे कोऱ्या कार्डावर, म्हणजे कार्ड उलटं लावायचं, मागची पांढरी बाजू पुढं, आणि ग्रुप मोजायचा. उरलेले नेहमीच्या कार्डावर कॉल देऊन. बालेवाडीकर सरांची पंधरा दिवसांची मॅच यातच घाला, ते त्यांचं मला पटलं, स्कोअर अगदीच लपवून ठेवायला नको. त्यापुढचा महिना वेळ आणि उचलून खाली घेणं यावर. शेवटचे दोन आठवडे नवीन काही करायचं नाही, ग्रिपला कानस लावायची नाही, छर्ऱ्याचा ब्रँड बदलायचा नाही, बूट बदलायचे नाहीत.

बालेवाडीकर:
याला एक जोड. महिन्याच्या शेवटी आकडा न हलल्यास टार्गेट बदलायची घाई करू नका, आधी ग्रुपची फाइल बघा. ग्रुप लहान झालाय आणि स्कोअर तोच आहे असं पुष्कळदा होतं, कारण ग्रुप मध्यावर नसतो, आणि तेव्हा मात्र क्लिक द्यायचे. ग्रुपच लहान झाला नसेल तर ती एक गोष्ट अजून दोन आठवडे धरायची. आणि सात किंवा त्याच्या खालचे शॉट किती गेले तो आकडा मॅचच्या स्कोअरशेजारी लिहा. 541 आणि असे वाईट शॉट आठ, पुढच्या वेळी 543 आणि असे शॉट चारच, तर दोन मार्कांनी वाढ दिसली तरी खरी वाढ त्यापेक्षा बरीच मोठी असते.

रविवारी कोचना भेटाल तेव्हा पाच मिनिटांत सगळं विचारू नका. खाली डावीकडच्या शॉटची चार-पाच कार्डं पुढं ठेवा आणि फक्त मनगट आणि पंजा बघा म्हणा. बाजूला उभं राहून त्यांना दिसेल ते तुम्हाला साइटमधनं दिसत नाही. जमलं तर कुणाला तरी मोबाइलवर हाताचं जवळनं शूटिंग करायला सांगा, स्लो करून बघितलं की मधलं बोट आणि करंगळी ट्रिगरबरोबर आवळली जातात का ते कळेल.

वारणाकाठ:
कार्डं वेगळी काढून ठेवली. ट्रिगरचं वजन उद्या क्लबात लावून बघतो, 500 ग्रॅमचं वजन आहे तिथं. सहा आठवड्यांनी ग्रुपचे आकडे इथं टाकेन, तेव्हा पुढचं विचारायला येतोच.